ॲम्प काचेच्या पेटीत ठेवू नये म्हणून

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याच्या कामावरून निवृत्त झालेली, अविवाहित, राहणार याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, दिवसाउजेडी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला आणि महिने उलट्या क्रमाने म्हणायला लावले. मी म्हटले. मग त्यांनी विचारले, "भाऊ गेल्याचा त्रास होतो का?" मी म्हटले, "तो होतोच. पण बाकीचे आहेत, त्यांचा जास्त होतो." हे त्यांनी दाखल्यात लिहिलेले नाही, म्हणून इथे लिहिते.

माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, त्याची हकीकत कलम तीनमध्ये आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्याजवळ कोणाला हवेसे वाटेल असे काही आहे, हेच मला मागच्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

वकिलांनी थोडक्यात लिहायला सांगितले. "बाई, कोणाला काय, एवढंच लिहा. का ते लिहायची गरज नसते." मला ती गरज वाटते. आपण का ते लिहिले नाही, की लोक आपापले कारण घालतात. माझ्या भावाच्या बाबतीत काय काय घातले, ते ऐकून मला शिसारी आली आहे.

कलम १. घर

हा फ्लॅट माझ्या एकटीच्या मालकीचा आहे. माझ्यामागे वहिनींना, म्हणजे माझ्या दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नींना, इथे राहायचे असेल तर हयातीपर्यंत राहता येईल. त्यांच्यानंतर तो त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला मिळावा. हे वाचून वकिलांच्या भुवया वर गेल्या, कारण पुढची कलमे त्यांनी आधीच वाचली होती. पण घर त्यालाच जाऊ दे. घर म्हणजे काय ते त्याला कळते: चौरस फूट. मागची खोली तर तो मोजून गेलेला आहे. मी चहा गाळत होते तेवढ्यात टेप घेऊन आत शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला, "आत्या, ही भिंत काढली तर हॉल केवढा होईल गं!"

भिंत काढावी. मात्र ॲम्प त्या खोलीतून बाहेर गेल्यावरच काढावी. धूळ आत शिरते.

कलम २. बँक, कपाट, किरकोळ

बँकेत जे असेल ते वहिनींचे. कपाटातले कपडे ज्याला उपयोगी पडतील त्याला द्यावेत; भाच्याच्या घरी त्यांची फडकी करू नयेत. माझे चष्मे कोणी जपून ठेवू नयेत. मेलेल्या माणसाचा चष्मा फोटोपुढे ठेवण्याची जी पद्धत मी दोन-तीन घरांत पाहिली, ती मला ओंगळ वाटते. त्याच्या काचांवर बोटांचे तेलकट ठसे तसेच असतात. निदान पुसून तरी ठेवा.

दुकानातले माझे बारीक स्क्रूड्रायव्हर कलम पाचमध्ये येतील.

कलम ३. ॲम्पची हकीकत

माझ्या मागच्या खोलीत गिटारचा एक जुना ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, आहे. काळे रेक्झिन, एका कोपऱ्यात फाटलेले. पुढे ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर बटणे, एक लाल दिवा, आणि गिटारची वायर घालायला शेजारी शेजारी दोन सॉकेट. आत सगळे ट्रान्झिस्टरचे काम आहे, काचेचे व्हॉल्व्ह नाहीत. हा ॲम्प माझा आहे. दादाचा नाही, मंडळाचा नाही, "संगीतप्रेमींचा" नाही. दादा ज्या हॉटेलात शनिवारी वाजवायचा, त्यांनी नवे सामान आणले आणि हा मागच्या दाराशी, उष्ट्याच्या बादल्यांना टेकवून ठेवला. आम्ही दोघांनी दोन कडांनी धरून तो घरी आणला. हॉटेलकडून कागद मी करून घेतला, माझ्या नावाने, कारण दादा कशाचाच कागद करत नसे. त्याची प्रत जोडली आहे.

त्या काळी ज्याला त्याला व्हॉल्व्हचा ॲम्प हवा असे. त्यातल्या नळ्या तापल्या की आवाज गोड फाटतो, त्यात म्हणे जीव असतो. आमच्या डब्याला सगळे हसत. दादा शनिवारी तोच हॉटेलात न्यायचा, आणि तिथला ड्रमवाला दर शनिवारी विचारायचा, "काय हो, यावर बातम्या किती वाजता लागतात?" दादा म्हणायचा, "तू थांबलास की लागतात." हा ड्रमवाला लक्षात ठेवावा. तो पुढे येणार आहे, सूट घालून.

मला तो ॲम्प पहिल्या दिवसापासून आवडला. त्याला तापावे लागत नाही. बटण दाबले की स्पीकरमधून एकदाच "ठप्" येतो, आणि मग तुम्ही जे वाजवाल ते तो सांगतो. चुकलात तर चुकलात असे सांगतो. कुवतीबाहेर मागितले तर गोड होत नाही, ओरबाडतो. काच घासतानाही असेच असते. काच तुमची भीड ठेवत नाही.

दादा पहिल्या सॉकेटात, मी दुसऱ्यात. तो बारीक तारांवर सूर वाजवायचा, मी जाड तारांवर खालची साथ धरायची. हॉटेलात मी जात नसे. तिथे साथीला दुसरे होते. आमचे वाजवणे माझ्या मागच्या खोलीत, बुधवारी आणि रविवारी दुपारी. शनिवारी लोकांनी ऐकले ते सगळे आधी या खोलीत बसवलेले आहे. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. कुठल्याच समारंभात कोणी हे बोलले नाही, म्हणून लिहिते.

या ॲम्पची एक खोड आहे. दोन्ही सॉकेटांत गिटारी असल्या की दोघांचाही आवाज थोडा उतरतो. एकटा असेल त्याला पूर्ण मिळते. दोघे असतील तर दोघांनाही कमी.

आता माशीबद्दल. हॉटेलच्या जिन्यात कोणाच्या तरी स्टँडचा पाय स्पीकरच्या काळ्या कागदी पडद्यात घुसला. मी चष्मे पुसायच्या पातळ कागदाचे ठिगळ लावले आणि ते नेलपॉलिशने चिकटवले. आयुष्यात घेतलेली ती एकुलती एक बाटली, रंग डाळिंबी. ठिगळ टिकले, पण जाडीने दुसरी जी तार, ती मोकळी छेडली की पडद्यात माशी अडकल्यासारखी घरघर यायची. दादा म्हणाला, "हिला सुरातून हाकलता येत नाही, आपणच बाजूला होऊ." आम्ही सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवल्या. माशी बरीचशी गेली. तेव्हापासून आम्ही अर्धा सूर खालीच वाजवले. कारण एवढेच: ठिगळ.

पुढे लोक दादाला विचारू लागले की तुमच्या वाजवण्यात ही खोली कुठून येते. तो हसायचा. मासिकवाल्याने छापले, "अंतर्मुखतेचा सूर". दादाने ते मला वाचून दाखवले आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो. मग तो म्हणाला, "राहू दे गं. त्यांना नेलपॉलिश कुठे सांगत बसायचं?" ते मला आजही पटलेले नाही. पण त्याच्यावर माझा राग एवढाच.

दादा मागच्या वर्षी गेला. एका रविवारी वाजवून उठला, हात दुखतो म्हणाला, गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि वायर ॲम्पमध्येच राहू दिली. "राहू दे, बुधवारी यायचंच आहे." मंगळवारी दवाखान्यात तपासणीच्या रांगेत खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. जास्त लिहीत नाही.

त्यानंतर मंडळ निघाले. जिवंतपणी ज्यांनी त्याला कधी चहा पाजला नाही, त्यांनी त्याच्या नावाचे स्मृतिमंडळ काढले. अध्यक्ष तोच ड्रमवाला. भाचा सचिव. समारंभासाठी ॲम्प एक दिवस द्या म्हणून दोघे माझ्याकडे आले. अध्यक्षांनी ॲम्पवरून हात फिरवला, कुत्र्याच्या पाठीवरून फिरवतात तसा, आणि म्हणाले, "ताई, हा नुसता ॲम्प नाही, हा वारसा आहे. व्हिंटेज! असा थंड, स्वच्छ आवाज आता शोधून मिळत नाही."

मी विचारले, "बातम्या लागतात का यावर?"

त्यांना आठवले नाही. भाचा म्हणाला, "आत्या पण ना!"

मी ॲम्प दिला. वहिनींनी तोंड उघडून मागितला, म्हणून दिला. दादाची वायर मात्र मी आधी काढून, गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. तेवढे डोके चालले.

हॉलमध्ये सुवासिक फवारा इतका मारला होता की घसा धरला. रंगमंचावर मधोमध ॲम्प, खाली मखमल, आणि डोक्यावर फुलदाणी. पाण्याने भरलेली. विजेच्या वस्तूवर पाणी ठेवणाऱ्या माणसांनी तासभर "ध्वनीची जाण" या विषयावर भाषणे केली. मग एक वादक आला, दादाच्या रचना वाजवायला. लाल दिवा लागलेला. मी तिसऱ्या रांगेत होते. वायर कुठून कुठे जाते ते पाहायची मला सवय आहे. वादकाच्या गिटारची वायर ॲम्पच्या शेजारून सरळ पडद्यामागे गेली होती. ॲम्पची दोन्ही सॉकेट रिकामी. आवाज येत होता हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून, कुठल्याशा नक्कल करणाऱ्या यंत्रातून. आमच्या ॲम्पला नुसता दिवा लावून बसवले होते, लग्नात मुक्या काकांना पुढच्या खुर्चीवर बसवतात तसे.

आणि लोक डोळे मिटून डोलत होते. माझ्या मागचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "ऐकलंस? हा त्या ॲम्पचाच आवाज. दुसऱ्याला जमणार नाही." मी रुमाल तोंडाला लावला. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. त्यांना वाटले मी रडते आहे.

नंतर अध्यक्षांचे भाषण. "जग वर चढायला धडपडत असताना हा माणूस अर्धा सूर खाली उतरला! ही नम्रता आहे! ही साधना आहे!" टाळ्या. माझ्या डोळ्यापुढे डाळिंबी बाटली.

शेवटी भाचा माइकवर आला आणि म्हणाला की आत्याच्या नंतर हा ॲम्प याच हॉलच्या दाराशी काचेच्या पेटीत कायमचा ठेवला जाईल, तशी आत्याची इच्छा आहे. माझी इच्छा मला तिथे कळली. "आत्या इथेच आहे. आत्या, जरा उभी राहतेस?" मी उभी राहिले. चारचौघांत कोणी उभी राहा म्हटले की मी उभी राहते, स्वभाव आहे. माझ्या मरणाच्या बेताला टाळ्या पडल्या, आणि त्या मी उभे राहून घेतल्या.

गाडीत वहिनी शेजारी होत्या. समारंभभर त्या डोळे पुसत होत्या. तो आवाज आपल्या ॲम्पचा नव्हता, हे त्यांना सांगावे की नाही याचा मी विचार करत होते. तेवढ्यात त्याच हळूच म्हणाल्या, "वन्सं, कोणाला सांगू नका. माझं कानातलं मशीन घरी राहिलं. मला ढिम्म ऐकू आलं नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते, म्हणून रडले."

त्या दिवसात मला पटलेले एवढे एकच बोलणे.

कलम ४. स्पीकरची हकीकत आणि नव्या स्पीकरची वाटणी

ॲम्प परत आला तेव्हा वर फुलदाणीचा गोल डाग होता, आणि मी बटण दाबले तर "ठप्" वेगळाच. भाचा दारात उभा, हात चोळत. "आत्या, सरप्राइज! स्पीकर बदलून घेतला. एकदम भारी टाकलाय. ती घरघर गेली बघ." माझी गिटार लावून त्याने जाड तार चार-सहादा छेडूनही दाखवली.

"जुना कुठे आहे?"

"तो फाटका? दुकानात असेल. आत्या, ही गिफ्ट आहे गं, थँक्यू तरी म्हण."

मी चप्पल घातली आणि दुरुस्तीच्या दुकानात गेले. आमचा स्पीकर मोरीच्या कडेला उताणा पडलेला होता. त्याच्या पडद्यात सिगारेटची थोटके आणि चहाचा चोथा. त्यांनी त्याची राखदाणी केली होती. ओला चोथा माझ्या ठिगळावर बसून रंग सुटला होता. इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. आणि मी चाळीशी उलटलेल्या माणसांच्या चष्म्यांच्या नाकपट्ट्या साफ केलेल्या आहेत.

दुकानदार म्हणाला, "अहो बाई, तो फाटलेलाच होता."

"फाटलेला नव्हता. शिवलेला होता."

"मग आता काय करू?"

"साफ करा आणि परत बसवा. मी इथेच उभी आहे."

त्याने बसवला. मी उभीच होते. घरी येऊन ठिगळाला नव्या पॉलिशचा हात दिला; दुकानात डाळिंबी मिळाले नाही, लाल घ्यावे लागले. माशी परत आली.

नवा, भारी, चार-सहा ठोक्यांपुरता वाजलेला स्पीकर मूळ खोक्यासकट मी स्मृतिमंडळाला देत आहे. त्यांची काचेची पेटी तयार झाल्याचे कळते. ती रिकामी राहू नये. वर फुलदाणी ठेवायलाही हरकत नाही.

कलम ५. ॲम्प कोणाला

त्यानंतर बरेच दिवस मी वाजवले नाही. मग एका बुधवारी बसले. माझी वायर दुसऱ्या सॉकेटात, पहिले रिकामे. पहिला ठोका दिला आणि दचकले. ॲम्प केवढ्याने बोलला! एकटीला पूर्ण आवाज मिळत होता. इतक्या वर्षांत मी स्वतःला एवढ्याने कधी ऐकले नव्हते. मला ते नकोसे झाले. समारंभातले भाषणवाले असे बोलतात. आवाजाचे बटण खाली केले, तर तो बारीक झाला पण तसाच उघडा राहिला. इतक्यात खालून झाडूच्या दांड्याने छताला ठोके पडले.

मी ड्रॉवरमधून दादाची वायर काढली. भिंतीला टेकलेली त्याची गिटार खुर्चीवर आडवी ठेवली, एक टोक तिच्यात, दुसरे पहिल्या सॉकेटात. ती गिटार कोणी वाजवत नव्हते, पण ॲम्पच्या हिशेबी आम्ही दोघे होतो. माझा आवाज उतरला, जिथे असायचा तिथे आला. झाडू थांबला.

झाडू होता खालच्या बाईंचा. माझ्या बरोबर खाली राहणाऱ्या, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवणाऱ्या. आम्ही इथे वाजवायला लागल्यापासून त्यांचा दांडा आम्हाला माहीत आहे. जिन्यात भेटलो तरी त्या कधी हसून बोललेल्या नाहीत. त्या आठवड्यात जिन्यात त्यांनी मला अडवले.

"तुमचे भाऊ गेले म्हणतात."

"हो. गेले."

"मग वाजवतं कोण?"

"मी."

"तुमचं नाही विचारत. ते वाजवायचे ना, धुम धुम, धुम धुम, ते चालूच आहे की. काडीचा फरक नाही त्यात. मला वाटलं, गेले ते तुमचे दुसरे कोणी भाऊ असतील."

"ते आधीपासून मीच वाजवते. भाऊ वरचं वाजवायचा. बारीक तारांवर."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "वरचं पण काही होतं?"

मी पायरीवर बसले. त्या उभ्याच. "खाली जाड तेवढं येतं हो. बारीकसारीक नाही उतरत. तुमच्या धुम धुमवर माझं मशीन चालतं. तुम्ही मध्येच घाई केलीत की माझी शिलाई वाकडी जाते, मग मी ठोकते. परवा केवढ्यानं केलंत! सुई मोडली माझी." मग म्हणाल्या, "आणि ती तुमची माशी. खिडकीतून येते. मध्ये गेली होती. मला वाटलं, वाजवायला कोणी बाई ठेवलीत की काय."

भरल्या हॉलला जे कळले नाही, ते यांना गादीच्या कापडात मान घालून बसल्या बसल्या कळले होते. दादाला सगळ्या गावाने ऐकले. मला ऐकले ते एकटीने, झाडूचा दांडा हातात घेऊन.

मी त्यांना वर बोलावले. त्या हातातले काम घेऊनच आल्या, कड टाचत बसल्या. पुढच्या बुधवारी पुन्हा. एकदा खुर्चीवरची दादाची गिटार बाजूला करायला म्हणून उचलली आणि परत ठेवलीच नाही. "हे जाड कोणतं?" म्हणाल्या. मी दाखवले. त्यांना ती एकच तार येते. पण ती जिथे मारायची तिथेच मारतात, एका केसाचाही फरक नाही. ताल त्यांचा पाठ आहे. इतकी वर्षे पायाने चालवला आहे. मी आता कधी कधी वरचे वाजवते. दादासारखे जमत नाही, आणि तशी नक्कल करायची मला घाण वाटते. माझे मी वाजवते.

वहिनींना हे सांगितले. गिटार त्यांच्या मालकीची, म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, "राहू दे त्यांच्याकडे. आमच्याकडे तो तिच्यासाठी भिंतीवर खिळा मारील." तो म्हणजे भाचा.

म्हणून, वरील ॲम्प, त्यातल्या ठिगळाच्या स्पीकरसह, माझी गिटार, दोन्ही वायरी आणि माझे बारीक स्क्रूड्रायव्हर (बटणे सैल होतात, तेव्हा तेच लागतात) मी माझ्या खालच्या मजल्यावरच्या या बाईंना देत आहे. त्या भाड्याने राहतात, म्हणून पत्ता लिहीत नाही. जिथे असतील तिथे पोहोचवावे.

त्यांच्यासाठी सूचना. बटण दाबण्याआधी आवाज शून्यावर. ट्यूबलाइट बंद ठेवावी, नाहीतर गुणगुणतो. डबा हलवला तर आतल्या स्प्रिंगा ढगासारख्या गडगडतात, घाबरू नये. महिन्याकाठी मागून झुरळे पाहावीत. हॉटेलात एकदा ऐन गाण्यात एक बाहेर येऊन गायिकेच्या पायावर चढले होते आणि तिचा तो सूर त्या दिवसाइतका वर पुन्हा कधी गेला नाही. दोन्ही सॉकेटांत वायर असावी, समोर कोणी असो वा नसो. आणि कोणी हात फिरवत "वारसा" म्हणाला, तर दांडा त्यांच्याकडे आहेच.

भाच्याने किंवा मंडळाने ॲम्पवर हक्क सांगितल्यास कलम एकमधले भाच्याचे घर रद्द समजावे आणि तेही वहिनी ठरवतील त्याला जावे. वकील म्हणतात हे चालते.

कलम ६. माझे शेवटचे

माझे जे करायचे ते लवकर आणि शांतपणे उरकावे. सभा नको, मंडळ नको, फवारा नको. माझ्याविषयी कोणी चार शब्द बोलू नयेत, दोनही नकोत. मी ज्यांचे चष्मे केले त्यांना दिसते आहे, तेवढे पुरे.

व्यवस्था पाहण्याचे काम मी वकिलांवर सोपवते.

सहीच्या वेळी जे घडले ते वकिलांच्या परवानगीने इथेच जोडते. साक्षीदार म्हणून मी औषधाच्या दुकानदारांना आणि खालच्या बाईंना बोलावले होते. मजकूर त्यांना ठाऊक नव्हता. बाईंनी पेन उघडले, तेव्हा वकील म्हणाले, "थांबा. यातून तुम्हाला काही मिळणार आहे. साक्षीदाराला मिळालेलं चालत नाही. सही तरी करा, नाहीतर घ्या तरी."

"मला काय मिळणार?"

मी म्हटले, "तो डबा."

"माशीसकट?"

"माशीसकट."

भाच्याला भिंत मोजायचा टेप काढायला जेवढा वेळ लागला असेल, तेवढाही यांना लागला नाही. त्यांनी पेनाचे टोपण लावले, पेन वकिलांच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "मग सही दुसऱ्या कोणाची बघा. पण लवकर उरका. आज बुधवार आहे." आणि खाली निघून गेल्या. जिना चढून आलेल्या पोस्टमनला वकिलांनी दारातच धरले.

हा सगळा मजकूर मी वाचून पाहिला आहे. तो माझा आहे. साक्षीदारांच्या समोर मी सही केली, आणि माझ्या समोर त्यांनी केली.

लिहून ठेवणार: (सही) वाचता येईल अशी केली आहे.

साक्षीदार पहिला: (सही) औषधाचे दुकानदार, कोपऱ्यावरचे.

साक्षीदार दुसरा: (सही) पोस्टमन, या बाजूचे. घाईत होते.

ठिकाण: माझे राहते घर, स्वयंपाकघर. मागच्या खोलीचे दार उघडे.

दिनांक: दादाला वर्ष पूर्ण व्हायच्या आतला शेवटचा बुधवार, दुपार. मी शेवटचा शब्द लिहीत असताना खालून झाडूचे दोन ठोके आले आहेत, म्हणून इथेच थांबते.